रबराच्या सपाट छपराचा जोड गळतो तेव्हा

आमच्या मागच्या खोलीत पहिला थेंब पडला तो पंख्याच्या दांडीवरून. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि पंख्याच्या कपातून टप टप सुरू. गच्चीवर जाऊन बघितलं तर पंख्याच्या बरोबर वर रबराची शीट ठणठणीत, साधी सुरकुतीही नाही. भोक निघालं तिथून बारा फुटांवर, कठड्याच्या कोपऱ्यात, दोन शीट एकमेकींवर येतात त्या जोडाला. तिथे आत शिरलेलं पाणी शीटखालून उताराने आलं, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपात घुसलं आणि पंख्याच्या डब्यातून बाहेर पडलं. असं काही दिसलं तर आधी त्या खोलीची वीज तोडणारा एमसीबी पाडा. शिडी नंतर.

आमच्या गोव्यात, फोंड्याकडे, गच्ची गळायला लागली की पहिला सल्ला मिळतो तो पत्र्याची शेड चढवण्याचा. उपाय वाईट नाही. पण खर्च मोठा, समुद्राकडच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात, आणि गच्चीवरचं आभाळ जातं ते जातंच. शीट चांगली असेल आणि फक्त जोड सुटले असतील, तर दोन माणसं दोन-तीन सकाळींत ते नीट करू शकतात. मी ते एकदा चुकीचं करून घेतलं आणि एकदा बरोबर केलं, म्हणून हा लेख.

जोडच का सुटतो

सपाट छपरावर घालतात ते रबर बहुतेक वेळा ईपीडीएम असतं. गाडीच्या दाराला कडेने जी काळी रबरी पट्टी असते ना, त्याच जातीचं. उन्हाने, ओझोनने ते तडकत नाही, म्हणून छपराला चालतं. पण ज्या घडणीमुळे ते इतकं टिकतं, तिच्यामुळेच त्याला सहजासहजी काही चिकटत नाही. शिवाय हे कारखान्यातच शिजून निघालेलं रबर, पुन्हा वितळत नाही. पीव्हीसी किंवा टीपीओ या प्लास्टिकच्या शीटचे जोड गरम हवेने वितळवून एकजीव करतात, तसं इथे होत नाही. दोन शीटमध्ये जे काही आहे तो फक्त गोंद किंवा टेप. शीट वीस-पंचवीस वर्षं सहज काढते, जोडाला मात्र घालणाऱ्याच्या हाताचं आयुष्य असतं. फडका नीट मारला नसेल, प्रायमर (टेप धरावी म्हणून आधी लावायचा पातळ थर) ओला असतानाच टेप बसवली असेल, रोलर फिरवायचा कंटाळा केला असेल, तर तो जोड चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात तोंड उघडतो.

आणि गोव्याचा पाऊस म्हणजे गंमत नव्हे. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या गच्चीवरून एका मोसमात तीन लाख लिटर पाणी वाहून जातं. त्याला बोटभर फट पुरते.

आधी खात्री करा की हे रबरच आहे

हे वाक्य फालतू वाटेल, पण गोव्यात गच्च्यांवर काळं दिसतं ते बऱ्याचदा डांबरी मेम्ब्रेन असतं. ते तीन-चार मिलिमीटर जाड, कडक, वर बारीक खडी किंवा चंदेरी पन्नी लावलेलं, आणि गॅसच्या ज्योतीने चिकटवलेलं. ईपीडीएम पातळ असतं, साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर, आणि सुटलेली कड ओढली तर सायकलच्या ट्यूबसारखी ताणून परत जागेवर येते. तरी शंका असेल तर पांढऱ्या फडक्याला थोडं रॉकेल लावून एका कोपऱ्यात घासा. डांबरी असेल तर फडका चॉकलेटी-काळा चिकट होतो. रबर असेल तर नुसती काळसर धूळ येते. घासलेली जागा लगेच साबणाने धुवा. रॉकेलचं काम एवढंच, पुढे ते गच्चीवर आणायचं नाही. डांबरी निघालं तर हा लेख इथेच थांबवा, त्याची दुरुस्ती वेगळी.

गळती शोधणं

खालून सुरुवात करा. छतावरच्या डागाचं दोन भिंतींपासूनचं अंतर मोजा, कागदावर काढा, मग तेच माप गच्चीवर कठड्यापासून घ्या. ही झाली शोधाची खालची हद्द. भोक तिथे किंवा तिथून चढाच्या बाजूला असतं, उताराच्या बाजूला क्वचितच.

मग गुडघ्यांवर बसून त्या भागातला प्रत्येक जोड तपासायचा. बोथट टोकाचा लहान स्क्रूड्रायव्हर जोडाच्या कडेला टेकवून हलक्या दाबाने पुढे सरकवत न्या. जोड घट्ट असेल तर टोक कडेवरून घसरत जातं, सुटला असेल तिथे आत शिरतं. शिरलं की थांबा, किती खोल गेलं ते बघा आणि खडूने खूण करा. टोक फक्त अर्धा-पाऊण इंच जात असेल तर कड उचलली आहे, आतला चिकटा शाबूत आहे. दोन-तीन इंच आरपार गेलं तर जोड संपला.

तीन ठिकाणं मुद्दाम बघा. एक, जिथे तीन शीट एकत्र येतात तो टी-जोड, कारण तिथे एक शीट दुसरीवर चढून जी पायरी होते तिच्या कडेला सुईएवढी पोकळी राहते. दोन, कठड्याचे आतले-बाहेरचे कोपरे. तीन, पाणी जायच्या पाइपाचं तोंड. याशिवाय कधी कधी जोडाच्या कडेला माशाच्या तोंडासारखी उघडी सुरकुती दिसते. शीट घालताना ताण कमी-जास्त झाला की ती होते, आणि वरून दाबून ती कधीच बसत नाही.

डोळ्यांना काही सापडलं नाही तर पाण्याची परीक्षा घ्या. पाइप उताराच्या खालच्या टोकाला धरा, एका जोडावर वीस-तीस मिनिटं पाणी सोडा, मग वर सरका. एक माणूस खाली टॉर्च घेऊन उभा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळ्याच जोडांवरून वाहतं आणि दोषी कोण ते कळत नाही. आमच्याकडे खाली बायको होती. तिसऱ्या जोडाला तिने हाक मारली, “बंद करा, आलं!” आणि मागोमाग, “तो मागच्या वर्षीचा डांबर लावलेलाच ना?”

होय, तोच. आदल्या वर्षी एका ठेकेदाराने त्या जोडावर डांबराचा पट्टा ओढून दिला होता. “साहेब, दहा वर्षं बघायला नको.” डांबरातल्या तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, त्याला लाटा येतात. एका पावसाळ्यातच कड पुरीसारखी फुगून वर आली होती. सिलिकॉनचंही तसंच. ते ईपीडीएमला धड धरत नाही, आणि त्याचा जो थर मागे उरतो त्यावर पुढे दुसरं काहीही बसत नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन, टाइल्सचा गोंद, सिमेंटची स्लरी, यांतलं काहीही नको.

केव्हा करायचं

नोव्हेंबर ते मे. त्यातही मी फेब्रुवारी-मार्च निवडेन. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं आणि शीटवर नऊ-साडेनऊपर्यंत न दिसणारा ओलावा असतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी काळं रबर हात ठेवता येणार नाही इतकं तापतं. प्रायमर लावता लावता वाळतो आणि टेप जिथे टेकली तिथेच धरून बसते, सरळ करायला संधी देत नाही. सकाळी दव उडाल्यापासून अकरापर्यंत आणि चारनंतर, एवढीच कामाची वेळ. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळवाचे ढग जमलेले बघून कामाला हात घालू नका. आपण घालतो, मला माहीत आहे.

सामान

ईपीडीएमसाठी बनवलेलाच क्लीनर, प्रायमर, तीन इंची ब्यूटाइल (चिकट रबर) जोड-टेप, सहा इंची चिकट कव्हर पट्टी, कोपरे आणि टी-जोडांसाठी न शिजवलेल्या रबराचे तुकडे, आणि कडा बंद करायला लॅप सीलंट. सगळं शक्यतो एकाच कंपनीचं घ्या. म्हापसा-मडगावच्या नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात हे सहसा ठेवलेलं नसतं, मेम्ब्रेनचं काम करणाऱ्या पुरवठादाराकडून मागवावं लागतं. डब्यावरची तारीख बघून घ्या. प्रायमर आणि टेप जुने झाले, किंवा पत्र्याच्या गोदामात तापत राहिले, की मेलेले असतात. सोबत दोन इंची रबरी किंवा सिलिकॉनचा हातरोलर, पायरीच्या कडेसाठी पितळी अरुंद चाकाचा रोलर, कात्री, नायट्राइलचे हातमोजे, आणि जुन्या धोतराचे किंवा चादरीचे भरपूर पांढरे सुती फडके. रंगीत नको, त्यावर मळ दिसत नाही आणि रंगही सुटतो.

क्लीनर आणि प्रायमर दोन्ही पेट घेणारे. विडी-सिगारेट खाली ठेवून वर या. भिजलेले फडके एका जागी ढीग करून टाकू नका, एकेक पसरून वाळू द्या. गच्चीला कठडा नसेल तर कडेचं काम स्वतः करू नका.

वाळवणं

शीटखाली पाणी साठलेलं असेल तर पायाने दाबल्यावर पचपच होतं. उघड्या जोडाच्या दिशेने रोलरने किंवा उलट्या झाडूने ते ढकलत बाहेर काढा, मग कड उचलून खाली लाकडाची पातळ फळी सरकवा आणि दोन-चार दिवस उन्हात राहू द्या. खालचा गिलावा वरून कोरडा दिसतो पण आत पाणी धरून असतो. उघड्या भागावर हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले तर अजून थांबा. घाईने बंद केलंत तर एप्रिलच्या उन्हात त्या ओलीची वाफ होते आणि नव्या जोडाखाली फोड येतो.

पुसणं

या कामात चौदा आणे पुसणं आहे आणि दोन आणे चिकटवणं. मिस्त्रीला हे पटत नाही, कारण पुसलेलं दिसत नाही आणि पट्टी दिसते.

आधी कोरड्या ब्रशने माती, शेवाळ, पोफळीची फुलं, कावळ्यांनी आणून टाकलेली हाडं, सगळं झाडून काढा. मग साबणाच्या पाण्याने घासा, दोनदा धुवा, पूर्ण वाळू द्या. पट्टी जेवढी बसणार त्याच्या दोन्ही बाजूंना दोन इंच जास्तीची जागा धरा. त्यानंतर फडक्यावर क्लीनर घ्यायचा, शीटवर ओतायचा नाही, आणि एकाच दिशेने पुसत जायचं. गोल गोल फिरवलं की मळ नुसता जागा बदलतो. दर दोन हातांनी फडक्याची घडी उलटा, चारही घड्या काळ्या झाल्या की फडका टाका. पहिला फडका तव्याच्या बुडासारखा येतो, दुसरा राखाडी. तिसरा-चौथा जवळजवळ पांढरा आला आणि राखट शीट सगळीकडे सारखी काळीभोर दिसू लागली की झालं. मधे ठिपक्यांसारखे फिकट डाग राहिले तर तिथे पट्टी धरणार नाही. मग त्यावरून हात फिरवू नका. हाताचं तेलही पुरतं.

जुनं डांबर किंवा सिलिकॉन असेल तर प्लास्टिकच्या खरवडणीने जमेल तेवढं काढा. नाहीच निघालं, किंवा रबर फुगलेलं असेल, तर तेवढा पट्टा कापून काढा आणि चांगल्या शीटवर चारी बाजूंना तीन इंच येईल असं नवं ठिगळ बसवा. आम्हाला दीड फूट कापावं लागलं.

जोडणं

प्रायमरचा डबा आधी चांगला ढवळा, तळाशी साका बसलेला असतो. पातळ, सारखा थर, थारोळी नकोत. मग थांबायचं. कोरडं बोट प्रायमरवर दाबून पुढे ढकला. बोटाला काही लागलं नाही आणि तार सुटली नाही, की तयार. फेब्रुवारीच्या सकाळी आम्हाला दहा मिनिटं लागली, दमट हवेत जास्त लागतात. प्रायमर लावून चहाला जाऊ नका. धूळ बसली की पुन्हा पहिल्यापासून.

फक्त कड उचललेली असेल तर तिच्या आतून जमेल तेवढं पुसून प्रायमर लावा, दाबून बसवा आणि वरून सहा इंची कव्हर पट्टी घ्या. पट्टीचा मध्य जोडाच्या कडेवर यायला हवा, म्हणून आधी तीन इंचांवर खडूची रेघ मारून घ्या. पट्टीचा मागचा कागद एकदम सोलू नका. हातभर सोला, रेघेला लावून टेकवा, मग कागद तिरका ओढत ओढत पुढे जा. एकाने कागद ओढायचा, दुसऱ्याने मागून तळव्याने बसवत यायचं. ताणून लावू नका, ताणलेली पट्टी परत आखडते.

जोड आरपार सुटला असेल तर वरची शीट मागे दुमडा, दोन्ही तोंडं वरच्यासारखी पुसा, दोन्हींना प्रायमर लावा. तीन इंची टेप खालच्या शीटवर अशी बसवा की वरची शीट टाकल्यावर टेपची कड अगदी थोडी, चार-पाच मिलिमीटर, बाहेर डोकावेल. म्हणजे टेप पूर्ण लांबीत शेवटपर्यंत पोचली हे डोळ्यांना दिसतं. वरची शीट मोकळी खाली सोडा, रोलर मारा, आणि जुन्या शीटवर वरून कव्हर पट्टीही घाला. काही जण हे जास्तीचं मानतात. गोव्यात मी ते जास्तीचं मानत नाही.

माशाच्या तोंडासारखी सुरकुती असेल तर ती कात्रीने सपाट कापून टाका आणि वर गोल कोपऱ्यांचं ठिगळ लावा. चौकोनी कोपरा हा पहिला उचलतो. टी-जोडावर न शिजवलेल्या रबराचा गोल तुकडा अंगठ्याने पायरीत दाबत बसवा. हे रबर कणकेसारखं आकार घेतं आणि पुढे उन्हात आपोआप पक्कं होतं. थंड देशांत बसवण्याआधी ते मऊ करायला गरम हवेचं यंत्र लागतं. आपल्याकडे तो तुकडा आधी दहा मिनिटं उन्हात ठेवला की पुरे.

रोलर आधी जोडाला आडवा फिरवा, मग लांबीने. नुसता फिरवू नका, अंगाचा भार द्या. ही टेप दाबाने चिकटते, वाळून नव्हे. पायरीच्या कडेवर अरुंद चाक दोनदा न्या, पाणी तिथूनच बोगदा करतं. शेवटी कापलेल्या प्रत्येक कडेवर आणि पट्टीच्या टोकांवर लॅप सीलंटची करंगळीएवढी रेघ ओढा आणि मधे उंच, कडांना पातळ अशी बसवा.

दोन दिवस पाणी नाही. मग पाइपाचं तोंड बंद करून त्या भागात इंचभर पाणी २४ तास उभं करा. इंचभर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला २५ किलो. घर जुनं असेल किंवा स्लॅबला तडे असतील तर एवढं पाणी न साठवता पाइपाने धारच सोडा.

आणि जुलैत गळायला लागलं तर

ओल्या रबराला काही चिकटत नाही, हे मान्य करून पुढे जा. उघडीप मिळाली तर जागा पुसून, वाळवून ब्यूटाइलची पन्नीवाली टेप लावा. दुकानात तशाच दिसणाऱ्या डांबरी टेपही मिळतात, पाकिटावर ‘ब्यूटाइल’ वाचूनच घ्या. उघडीप नसेल तर ताडपत्री, चढाच्या बाजूने कठड्यावरून घेतलेली. तिच्यावर चिरे ठेवायची आपली पद्धत. चिऱ्याचा कोपरा ताडपत्रीतून खालच्या रबरात जातो. वाळूच्या पिशव्या ठेवा, किंवा चिऱ्याखाली जुना टायर. ही मलमपट्टी नोव्हेंबरपर्यंतची. तोवर पाइपाचं तोंड दर आठवड्याला साफ. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी कुठे तळं राहत असेल तर ती जागा खडूने आखून ठेवा, उन्हाळ्यात तिथले जोड आधी बघायचे.

उन्हाळ्यात गच्चीवर सोलं, खोबरं वाळत घालायचं असेल तर खाली जाड चटई हवी. तेलकट पदार्थ रबराला मानवत नाहीत, आणि खालच्या मजल्यावर हॉटेल असेल तर स्वयंपाकघराच्या धुराड्याचं तोंड शीटवर उघडता कामा नये. माड कठड्याला लागून असेल तर पावसाआधी पाडेली बोलावून नारळ आणि सुकी चुडतं उतरवून घ्या.

दुरुस्तीनंतर छतावरचा डाग लगेच रंगवू नका. त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख घाला. पहिल्या पावसाने थोडी ओल दिसली तर घाबरू नका, गिलाव्यातलं जुनं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. डाग रेघेच्या बाहेर गेला तरच पुन्हा खडू घेऊन वर जा. आमच्या पंख्याभोवतीची रेघ अजून तशीच आहे. रंगारी म्हणतो, आता तरी पुसूया. म्हटलं, चवथ होऊन जाऊदे.